नौकेवरील यंत्राची स्मृती सांभाळणारा सेल

पावसाळ्यातील मासेमारी बंदीचा काळ हा आपल्या किनाऱ्यावरील बंदरांत डागडुजीचा काळ असतो. १ जून ते ३१ जुलै या अवधीत यांत्रिक नौका ओढून वर घेतल्या जातात. इंजिने उघडली जातात, फळ्यांच्या फटी बुजविल्या जातात, जाळी दुरुस्त होतात. नौकेवरील मोठ्या बॅटऱ्या काढून चार्जिंगसाठी नेल्या जातात आणि पावसाच्या व चोरीच्या भीतीने केबिनमधील जी.पी.एस. यंत्रही सोडवून, फडक्यात गुंडाळून घरच्या कपाटात जाते. ऑगस्टमध्ये ते पुन्हा जागेवर बसविले जाते. कळ दाबताच पडदा उजळतो. परंतु त्यावर एकही खूण नसते, तारीख भलतीच दिसते आणि नौका कोठे आहे हे सांगावयास यंत्र बराच वेळ घेते. हा अनुभव आलेले तांडेल सातपाटीपासून मालवणपर्यंत कोणत्याही बंदरात भेटू शकतील.

यंत्र बिघडले असा समज करून घेऊन पुष्कळ जण ते टाकून देतात व नवे घेतात. वस्तुतः यंत्रात काहीही बिघडलेले नसते. त्याच्या पोटात, सर्किट बोर्डावर डाख देऊन पक्का बसविलेला, रुपयाच्या नाण्याएवढा एक बटन सेल संपलेला असतो. तो बदलता येतो. मात्र तो कधी बदलावा, कोणी बदलावा आणि बदलण्यापूर्वी काय करून ठेवावे, याची माहिती किनाऱ्यावरील गावांत फारशी पोहोचलेली नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

खुणा म्हणजे काय?

जी.पी.एस. यंत्र येण्यापूर्वी समुद्रातील जागा ओळखण्याचे साधन म्हणजे किनारा. डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आले, त्याच वेळी दुसऱ्या बाजूस एखादे बेट आणि किल्ल्याचा बुरूज एका रेषेत आला, की ती जागा निश्चित होई. या जोडखुणा बापाकडून मुलाकडे तोंडी येत. किनारा नजरेआड झाला किंवा धुके पडले, की खोली, पाण्याचा रंग व तळाच्या मातीचा प्रकार यांवर भिस्त ठेवावी लागे.

आज तांडेल यंत्राची कळ दाबतो आणि ती जागा अक्षांश-रेखांशांसह साठविली जाते. तिला बंदरावर ‘पॉइंट’ असेच म्हणतात. कोठे मासळी लागते, कोठे पाण्याखालच्या खडकात किंवा बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात जाळे अडकते, खाडीच्या तोंडाशी कोणत्या बाजूने शिरावे, याच्या शेकडो खुणा एका यंत्रात साठलेल्या असतात. एका जाळ्याची किंमत लक्षात घेतली, तर खडकाची एक खूण हरविण्याचा अर्थ सहज कळेल. सीमेजवळच्या पाण्यात जाणाऱ्यांसाठी तर आणखी एक खूण महत्त्वाची असते. पालघर जिल्ह्यातील अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानात अटक झालेल्यांत त्यांचाही समावेश झालेला आहे. सीमेच्या पुरेसे अलीकडे लावून ठेवलेली धोक्याची घंटा स्मृतीबरोबर पुसली गेली, तर ती वाजत नाही, आणि ती पुसली गेली आहे हेही यंत्र सांगत नाही.

जुन्या जोडखुणा तोंडपाठ असणारी पिढी आता मागे पडत चालली आहे. ज्याला त्या येत नाहीत, त्याचे सारे ज्ञान त्या पेटीत आहे, आणि त्या ज्ञानाचा आधार हा सेल आहे.

सेलचे काम

यंत्र चालू असताना त्याला वीज मिळते ती नौकेच्या बारा किंवा चोवीस व्होल्टच्या बॅटरीकडून. ती बंद झाली, की यंत्रातील घड्याळ आणि स्मृती जिवंत ठेवण्याची जबाबदारी आतल्या सेलवर येते. पूर्वीच्या बहुतेक यंत्रांत खुणा अशा स्मृतीत ठेवलेल्या असत, की वीज क्षणभर जरी तुटली तरी ती कोरी होते. अलीकडच्या बऱ्याच यंत्रांत खुणांसाठी वीज नसतानाही टिकणारी स्मृती वापरलेली असते आणि सेलकडे केवळ घड्याळ व उपग्रहांविषयीची माहिती सांभाळण्याचे काम उरते. आपल्याकडे दोन्ही प्रकारची यंत्रे वापरात आहेत. आपले कोणत्या प्रकारचे आहे, हे पुस्तिकेवरून कळते. पुस्तिका हरविली असेल, तर ते पहिल्या प्रकारचे आहे असे धरून चालणेच हिताचे.

या सेलला फार थोडे काम असते. सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या सीआर २०३२ या सेलचे उदाहरण घेऊ. यातील आकड्यांचा अर्थ २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी असा आहे. त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. स्मृतीला अँपिअरचा पाच दशलक्षांश भाग एवढाच प्रवाह लागतो असे धरले, तर हा सेल ४४,००० तास, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे पुरेल. प्रत्यक्षात केबिनमधील उष्णता आणि बोर्डावर चढलेला खारट ओलावा यांमुळे हिशेब कमी भरतो. अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत या सेलचे आयुष्य तीन ते पाच वर्षे दिलेले असते.

आता बंदीच्या काळातच खुणा का जातात, याचा उलगडा होईल. हंगामात नौका रोज किंवा दोन-चार दिवसांआड समुद्रात असते. यंत्र चालू असेपर्यंत सेलला विश्रांती मिळते. अशक्त झालेला सेलही एखादी रात्र कशीबशी निभावून नेतो. जून-जुलैचे सलग साठ दिवस मात्र त्याला एकट्याने भार वाहावा लागतो, आणि तेथे तो कमी पडतो.

संपत आलेल्या सेलची लक्षणे अगोदर दिसू लागतात. काही यंत्रे पडद्यावर बॅटरीचे चिन्ह दाखवितात. ते मोठ्या बॅटरीविषयी आहे असे समजून दुर्लक्ष केले जाते, ही नेहमीची चूक. यंत्र चालू केल्यावर घड्याळ मागे पडलेले आढळणे, एका रात्रीत पडद्याची मांडणी मूळपदावर जाणे, स्थान मिळण्यास रोज दहा-पंधरा मिनिटे लागणे, ही इतर लक्षणे होत. शेवटच्या लक्षणाचे कारण असे, की उपग्रहांच्या कक्षांचे संपूर्ण कोष्टक एकदा ऐकून घेण्यास यंत्राला साडेबारा मिनिटे लागतात. ते लक्षात ठेवता आले नाही, तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. जुन्या यंत्रात तारीख सुमारे १९ वर्षे ८ महिन्यांनी मागे दिसत असेल आणि खुणा शाबूत असतील, तर दोष सेलचा नाही. जी.पी.एस. व्यवस्थेतील आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनंतर शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०१९ मध्ये घडले. जुनी यंत्रे या ठिकाणी फसतात. सेल बदलून त्यांची तारीख सुधारत नाही.

डाख देऊन का बसवितात?

घड्याळातील किंवा संगणकातील सेल बोटाने काढता येतो, मग हाच असा जखडून का ठेवला, असे विचारले जाते. नवे यंत्र खपावे म्हणून, असे उत्तर बंदरावर हमखास मिळते. ते सर्वस्वी खोटे आहे असे म्हणवत नाही. परंतु मुख्य कारण वेगळे आहे. डिझेल इंजिनाची अखंड थरथर आणि लाटेवरून आपटणारी नौका यांत स्प्रिंगच्या आधाराने धरलेला सेल क्षणभर सुटू शकतो, आणि तो एक क्षण स्मृती कोरी होण्यास पुरेसा असतो. शिवाय खाऱ्या हवेत स्प्रिंगच्या टोकावर गंज चढतो. डाख दिलेला सांधा या दोन्ही संकटांतून वाचतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी ‘पुढच्या खेपेला सोपे जावे’ या विचाराने कोणी तेथे खाच बसवून देऊ लागला, तर नौकेवरील यंत्रासाठी ती सोय न स्वीकारणेच बरे. उत्पादकांना दोष द्यावयाचा तर तो एवढ्यासाठी, की सेल कोणता आहे व तो कधी बदलावा हे यंत्राच्या बाहेर कोठेही लिहिलेले नसते.

आधी वही, मग पेचकस

सेल काढला की स्मृती पुसली जाणार, असे धरूनच कामास लागावे. सेल बदलताना स्मृतीला तात्पुरती वीज बाहेरून देण्याची युक्ती काही कारागिरांना अवगत आहे आणि ती कधी कधी यशस्वीही होते. परंतु वीस वर्षांच्या खुणा त्या युक्तीच्या भरवशावर टाकू नयेत. ज्या यंत्रांतून खुणा संगणकावर किंवा कार्डावर उतरविता येतात, त्यांतून त्या उतराव्यात. इतरांसाठी वही आणि पेन. पडद्याची भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेण्याचा मार्गही सोयीचा आहे. पण छायाचित्रांवरूनही एकदा वही करावी, कारण भ्रमणध्वनीही पाण्यात पडतो.

वही लिहिताना अंकांची पद्धत जशी पडद्यावर आहे तशीच उतरविली पाहिजे. बहुतेक यंत्रे अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश दाखवितात. १८ अंश ३०.५०० मिनिटे याचा अर्थ १८ अंश, साडेतीस मिनिटे. कोणी टिंबापुढील आकडे सेकंद समजून १८ अंश, ३० मिनिटे, ५० सेकंद असे लिहिले, तर ती जागा सहाशे मीटरांहून अधिक सरकते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर, म्हणजेच एक सागरी मैल. तेव्हा दशांशाचे तीनही आकडे लिहावेत. खुणेचे नाव, ती कशाची आहे, तेथील खोली किती, हेही पुढे नोंदवावे. यंत्रात निवडलेली नकाशा-प्रणाली, वेळेतील साडेपाच तासांचा फरक आणि धोक्याच्या घंटांची अंतरे यांची नोंद वहीच्या पहिल्याच पानावर असावी. लोक नेमके हेच विसरतात.

हे काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही. दोनशे खुणा उतरविण्यात दोन संध्याकाळी सहज जातात. एकाने वाचावे व दुसऱ्याने लिहावे, आणि मग लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावे. घरातील शाळकरी मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करू शकते.

प्रत्यक्ष बदल

हे काम सर्किट बोर्डाची दुरुस्ती नित्य करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तरीही तो काय करतो आहे हे मालकाला कळले पाहिजे, म्हणून त्यातील मर्म येथे देत आहोत.

प्रथम, नवा सेल जुन्याच जातीचा हवा. सेलवरील आरंभीची अक्षरे जात सांगतात. सीआर आणि बीआर ही अक्षरे असलेले सेल एकदाच वापरावयाचे असतात. एमएल, व्हीएल किंवा एलआयआर ही अक्षरे असलेले सेल पुन्हा पुन्हा भरले जाणारे असतात आणि अशा यंत्रात ते भरण्याची व्यवस्था बोर्डावरच असते. तेथे सीआर जातीचा सेल बसविला, तर तो फुगतो, पाझरतो, प्रसंगी फुटतो. आकार तोच आहे, व्होल्टही जवळजवळ तेवढेच आहेत, एवढ्यावर समाधान मानू नये.

दुसरी गोष्ट त्याहूनही महत्त्वाची. नव्या सेलला कारखान्यातच पातळ धातूच्या पट्ट्या जोडलेल्या असल्या पाहिजेत. त्या क्षणिक विद्युत्प्रवाहाने सांधलेल्या असतात आणि डाख द्यावयाचा तो त्या पट्ट्यांच्या टोकांना. बाजारातील साध्या सेलच्या अंगावरच डाख देऊन तारा जोडणारे कारागीर आढळतात. कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. सेलच्या आतील लिथियम हा धातू सुमारे १८१ अंशांना. म्हणजे डाख सेलच्या अंगाला नीट धरला असेल, तर आतील धातूही वितळण्याच्या बेतात आलेला असतो, आणि सोल्डरिंगच्या टोकाचे तापमान तर तीनशे अंशांच्या पुढे असते. सेलच्या कडेची प्लॅस्टिकची सीलबंद कडी त्याआधीच निकामी होते. असा सेल लागलीच फुटला नाही, तरी काही महिन्यांत पाझरून बोर्ड खातो. पट्ट्यांचा सेल मिळाला नाही, तर काम थांबवावे. दुसरा पर्याय नाही.

पेटी उघडण्यापूर्वी बाहेरची सर्व वीज तोडावी. बोर्डावर ओल लागू नये म्हणून चढविलेला पारदर्शक लेप सेलच्या पायांपाशी हलकेच खरवडावा लागतो. तो जाळून काढू नये, त्याचा धूर अपायकारक असतो. जुन्या सेलचे पाय एकेक करून सोडवावेत. धातूचा चिमटा दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकू देऊ नये. अधिक चिन्हाची बाजू कोठे होती याचे आधी छायाचित्र घ्यावे. नव्या सेलच्या पट्टीवर उष्णता दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ राहू नये, आणि सोल्डरिंगचे उपकरण अर्थिंग असलेले हवे. पुढे मल्टिमीटरने व्होल्ट पाहावेत. नवा सेल तीन व्होल्टांच्या किंचित वर दाखवितो. जुन्या सेलच्या बाबतीत मात्र हे मोजमाप फसवे ठरते, कारण लिथियम सेल अखेरपर्यंत तीन व्होल्टांच्या आसपास राहतो व मग एकदम खाली येतो. तेव्हा ‘व्होल्ट ठीक आहेत’ एवढ्यावरून पाच वर्षांचा सेल आणखी एक पावसाळा काढील असे मानता येत नाही.

पेटी बंद करण्याचे काम डाख देण्याइतकेच नाजूक आहे. कडेच्या रबरी पट्टीत वाळूचा एक कण किंवा केस राहिला, तरी खारे पाणी आत शिरते. पट्टी पुसून, कडक झाली असल्यास बदलून, तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळत जावे. जुलैच्या दमट हवेत पेटी बंद केली, तर तो दमटपणाही आत बंद होतो आणि थंड रात्री पडद्याच्या आतून घाम फुटतो. यासाठी उघडी पेटी काही तास साध्या दिव्याच्या उबेत ठेवावी व आत ओलावा शोषणारी पुडी टाकावी. एवढे करूनही पेटी पूर्वीइतकी जलाभेद्य राहील याची खात्री देता येत नाही. असे यंत्र उघड्या डेकवर न ठेवता केबिनमध्येच बसवावे. शेवटी बदलाचा महिना व वर्ष पेटीच्या मागे न पुसणाऱ्या शाईने लिहावे.

जे उघडू नये

हे सर्व विवेचन स्मृतीच्या सेलपुरते आहे. संकटकाळी उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला सूचना देणारी उपकरणे कोणत्याही परिस्थितीत स्थानिक कारागिराकडे देऊ नयेत. इस्रोने विकसित केलेले व २०१० पासून वापरात असलेले डॅट हे उपकरण आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर चालणारे ईपर्ब ही त्यांची उदाहरणे. यांतील बॅटरी मोठ्या शक्तीची असते, पेटीची जलाभेद्यता विशेष उपकरणांवर तपासावी लागते आणि बदलानंतर संदेश जातो की नाही याची चाचणीही अधिकृत केंद्रातच होऊ शकते. घरी उघडलेले असे उपकरण धक्क्यावर दिवा दाखवील आणि पाण्यात पडताच मुके होईल. त्याच्या बाहेर बॅटरीची मुदत छापलेली असते. ती दर वर्षी बंदीच्या काळात पाहून ठेवावी. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून ज्यांच्या राष्ट्रव्यापी वाटपाचा आरंभ झाला, त्या १ लाख ट्रान्सपॉन्डरांच्या योजनेतील उपकरणांनाही हाच नियम लागू आहे.

गावपातळीवर

मच्छीमार सहकारी संस्थांनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सभासदांच्या यंत्रांची यादी केली, तर त्यांची वये कळतील आणि पट्ट्यांचे सेल एकदम मागविता येतील. एकट्यादुकट्याला ते मिळवणे जड जाते. तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम असल्यास तेथील निदेशकांना बंदरावर बोलावता येईल. ग्रामपंचायतीने त्यासाठी एक कोरडी खोली आणि अर्थिंग असलेली वीज दिली, तरी पुष्कळ झाले. हे जुलैत व्हावे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला घाई असते आणि घाईत वही राहून जाते.

काढलेल्या सेलविषयी शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे. संपलेल्या बटन सेलमध्येही थोडी वीज शिल्लक असते. लहान मुलाने तो गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते झाकणाच्या डब्यात ठेवावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे सेल घरगुती कचऱ्यात न टाकता संकलन करणाऱ्यांकडे द्यावयाचे आहेत. ते समुद्रात किंवा चुलीत टाकू नयेत.

नवा सेल बसल्यावर यंत्र प्रथम मोकळ्या आकाशाखाली निदान अर्धा तास चालू ठेवावे. वहीच्या पहिल्या पानावरील मांडणी आधी भरावी, मग खुणा. पहिली खूण आपल्या बंदराच्या धक्क्याची भरावी आणि धक्क्यावर उभे राहून पडद्यावरील स्थान तिच्याशी जुळते का ते पाहावे. ते जुळले, की उरलेल्या खुणा भरण्यास हरकत नाही. जुळले नाही, तर नकाशा-प्रणाली चुकलेली असण्याचा संभव अधिक, सेल नव्हे. सर्व भरून झाल्यावर यंत्राची बाहेरील वीज एक संपूर्ण रात्र तोडून ठेवावी व सकाळी पडदा पुन्हा पाहावा. खुणा आणि घड्याळ दोन्ही जागेवर असतील, तर यंत्र केबिनमध्ये बसवावे.